माश्या पकडणाऱ्या झाडांचं खतपाणी

व्हीनस फ्लायट्रॅप या माशी पकडणाऱ्या झाडाच्या उघड्या पानात इंदुरी शेव टाकून पाहणारी मुलं मी पाहिली आहेत. पान मिटतं, मुलं ओरडतात, आणि चार दिवसांनी ते पान काळं पडून लोळायला लागतं. मग घरातलं मोठं कुणीतरी म्हणतं, "बिचाऱ्याला लौंगवाली शेव झेपली नाही." शेव बेसनाची, म्हणजे प्रथिनं तिच्यात भरपूर, त्या अर्थाने पोरांचा अंदाज अगदीच वाया गेलेला नव्हता. पण तेल आणि मीठ या दोन गोष्टींचं काय करायचं हे त्या पानाला माहीत नाही. आणि मुळात ते झाड उपाशी नव्हतंच.

गडबड इथेच होते. कीटक पकडणारं झाड म्हटलं की आपण त्याच्यामागे वाघाची भूक लावून देतो. ही झाडं हिरवी आहेत हे सगळ्यांना दिसतं, पण त्याचा अर्थ कुणी लावत नाही. हिरवं आहे म्हणजे हरितद्रव्य आहे. म्हणजे ऊन, पाणी आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन ते आपली साखर आपणच बनवतं, दारातल्या तुळशीइतकंच मुकाट्याने. भाकरी घरचीच, बाहेरून आणायचं ते फक्त मीठ. हे मीठ म्हणजे मुख्यतः नायट्रोजन, त्याखालोखाल फॉस्फरस, आणि थोडं पोटॅशियम वगैरे. माशीच्या अंगातून थोडाफार कार्बनही मिळतो, पण त्यावर झाडाचा संसार चालत नाही. फ्लायट्रॅपला घरात सावलीत ठेवून रोज माशी भरवा, ते खंगून मरेल. भरपूर उन्हात ठेवा आणि एकही माशी देऊ नका, ते वर्षानुवर्षं जगेल. फक्त सावकाश वाढेल.

मग नायट्रोजनसाठी एवढा आटापिटा कशाला? हवेत तर तो ७८ टक्के आहे. आहे खरा, पण त्या नायट्रोजनचे दोन अणू एकमेकांना इतके घट्ट धरून बसलेले असतात की कुठल्याही झाडाला ते स्वतःहून तोडता येत नाहीत. झाडाला तो अमोनियम किंवा नायट्रेटच्या रूपात, पाण्यात विरघळलेला हवा असतो. आणि लागतो तर पदोपदी: हरितद्रव्याच्या रेणूत नायट्रोजन, प्रत्येक प्रथिनात नायट्रोजन, कार्बन डायऑक्साइड पकडून साखरेच्या वाटेला लावणारं रुबिस्को नावाचं विकर (एन्झाइम) तेही प्रथिनच. म्हणजे नायट्रोजन कमी पडला की घरची भाकरीही कमी भाजली जाते.

माळव्यातल्या शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको. आपली काळी जमीन चुन्याने श्रीमंत, ओलावा धरून ठेवणारी, पण नायट्रोजनच्या बाबतीत हात आखडता असलेली. त्यावरचा इथला तोडगा म्हणजे सोयाबीन. ऑगस्टमध्ये इंदूरच्या बाहेर कुठल्याही शेतात सोयाबीनचं एक रोप मुळासकट उपटून पाहा. मुळांवर मोहरीपासून वाटाण्याएवढ्या गाठी दिसतील. त्यातली एक नखाने फोडली तर आत लालसर गुलाबी रंग असतो. तो रंग असेल तर गाठ कामावर आहे असं समजायचं: आत रायझोबियम जिवाणू हवेतला नायट्रोजन फोडून रोपाला देत आहेत, आणि रोप त्यांना साखर पुरवतं आहे.

पण कीटक पकडणारी झाडं बहुधा जिथे वाढतात, त्या दलदलीत हा तोडगा नीट चालत नाही. गाठींना श्वास घ्यायला हवा लागते, फॉस्फरस लागतो, आणि फार आंबट माती चालत नाही. दलदलीत नेमकं उलट असतं. माती सतत पाण्याखाली, म्हणून प्राणवायू नाही. प्राणवायू नाही म्हणून पालापाचोळा कुजत नाही आणि त्यातला नायट्रोजन तिथेच अडकून पडतो. जो थोडा मोकळा होतो, त्याचा काही भाग जिवाणूच पुन्हा वायू करून हवेत सोडून देतात, उरलेला पावसाबरोबर वाहून जातो. मुळांनी कितीही शोधलं तरी हाती काही लागत नाही. अशा जागी नायट्रोजन भरपूर प्रमाणात फिरतो तो एकाच रूपात: पायांवर आणि पंखांवर.

जगात अशी आठशेच्या आसपास झाडं आहेत, आणि ती सगळी एका घराण्यातली नाहीत. कीटक पकडण्याची युक्ती वनस्पतींमध्ये निरनिराळ्या कुळांत, एकमेकांशी संबंध नसताना, पुन्हा पुन्हा उगवली आहे. भारतातही ती कमी नाहीत. मेघालयाच्या गारो, खासी आणि जैंतिया टेकड्यांवर घटपर्णी आहे. साताऱ्याजवळच्या कास पठारावर पावसाळ्यात निळ्या-जांभळ्या फुलांचे जे गालिचे होतात, त्यात सीतेची आसवं नावाचं इवलंसं फूल असतं. ते युट्रिक्युलेरिया, म्हणजे शिकारीच. आणि आपल्या मध्य प्रदेशात अमरकंटक आणि पचमढीच्या बाजूला ड्रॉसेरा आहे. त्याला दवबिंदू म्हणतात.

ड्रॉसेरा बर्मानाय ही जात पाहायची तर गुडघे टेकून, जवळजवळ पालथं पडूनच पाहावी लागते. सगळं रोप रुपयाच्या नाण्याएवढं, जमिनीला चिकटून पसरलेलं. पाचरीच्या आकाराची पानं गोल मांडलेली, आणि प्रत्येक पानावर लालसर केसांची दाटी. प्रत्येक केसाच्या टोकाला एक ग्रंथी, तिच्यावर चिकाचा थेंब. हा थेंब दवाचा नाही, म्हणून दुपारच्या उन्हातही वाळत नाही. चिलट त्यावर बसतं आणि सुटायला म्हणून धडपडतं, त्या धडपडीत आणखी चार केसांना चिकटतं. मग कडेचे लांब केस आतल्या बाजूला वळतात. या जातीत तर ते काही सेकंदांत वळतात, नुसत्या डोळ्यांना दिसेल इतक्या वेगाने. चिकाने चिलटाच्या अंगावरची श्वासाची भोकं बुजतात आणि ते गुदमरतं. त्यानंतर त्याच ग्रंथी पाचकरस सोडतात, आणि पचलेलं परत शोषून घेण्याचं कामही त्याच करतात. चिकटवणं, पचवणं, शोषणं, तिन्ही खाती एकाच टाचणीच्या डोक्याहून लहान ठिकाणी.

या रोपाने चार्ल्स डार्विनला अक्षरशः झपाटून टाकलं होतं. १८७५ साली त्याने कीटकभक्षी वनस्पतींवर अख्खं पुस्तक लिहिलं आणि त्यातला मोठा भाग ड्रॉसेराने व्यापला. त्याने केलं काय, तर पानांवर घरात सापडेल ते थेंबाथेंबाने टाकून पाहिलं. साखरेचं पाणी, स्टार्च, डिंक, ऑलिव्ह तेल, चहा यांना केसांनी दाद दिली नाही. दूध, अंड्याचा पांढरा भाग, मांसाचा रस टाकला की केस वळू लागले. पहिल्या यादीत नायट्रोजन जवळजवळ नाही, दुसऱ्या यादीत आहे. माझ्या मते या सगळ्या विषयातला हा सर्वांत देखणा प्रयोग आहे: कुठलंही यंत्र नाही, खर्च नाही, आणि झाडाला नक्की काय हवंय याचं उत्तर झाडानेच दिलं.

एक प्रश्न तरी उरलाच होता. पान मांस पचवतं हे दिसलं, पण त्याने झाडाचं भलं होतं का? ते काम डार्विनचा मुलगा फ्रान्सिस याने केलं. त्याने ड्रॉसेराचे दोन गट केले, दोन्ही जाळीखाली झाकले, म्हणजे बाहेरचा किडा आत जाणार नाही. एका गटाला भाजलेल्या मांसाचे बारीक कण दिले, दुसऱ्याला काहीच नाही. १८७८ साली त्याने निकाल छापला. दोन्ही गट जगले, पण मांस मिळालेल्या रोपांनी दुपटीहून जास्त बिया धरल्या. उपास करणारी रोपं मेली नाहीत ही गोष्ट मला निकालाच्या आकड्याइतकीच महत्त्वाची वाटते.

व्हीनस फ्लायट्रॅपची तऱ्हा वेगळी. हे झाड मूळचं अमेरिकेतलं, आणि तिथेही फक्त उत्तर आणि दक्षिण कॅरोलायनाच्या किनारी पट्ट्यातलं. त्याच्या पानाचे दोन भाग असतात आणि प्रत्येक भागावर आतल्या बाजूला साधारण तीन ताठ केस. एका केसाला एकदा धक्का लागला तर पानात विजेची एक बारीक लाट जाते, आणि काहीच होत नाही. सुमारे वीस सेकंदांच्या आत दुसरा धक्का लागला, की पान सेकंदाच्या दहाव्या भागात मिटतं. पावसाचा थेंब किंवा उडून आलेली काडी बहुधा एकदाच धडकते. जिवंत किडा फिरतो, म्हणून पुन्हा धडकतो.

मिटल्यावरही झाड लगेच खर्चाला हात घालत नाही. कडेचे दाते सुरुवातीला सैलसर अडकलेले असतात, त्यांच्या फटीतून अगदी बारीक किडा निसटून जाऊ शकतो. त्याच्यासाठी पाचकरस गाळणं परवडणारं नसतं. आत अडकलेला किडा धडपडत राहिला आणि धक्क्यांची संख्या वाढत गेली, तर पान कडा घट्ट आवळतं आणि पाचकरसाची तयारी सुरू होते. २०१६ साली जर्मनीतल्या वुर्ट्सबर्ग विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं की पाच किंवा जास्त धक्क्यांनंतर विकरं बनवण्याची आज्ञा जोर धरते. मेंदू नाही, मज्जातंतू नाहीत, तरी हिशेब चोख आहे. पुढचा आठवडाभर पान बंद. आतला रस आम्लधर्मी होतो, किड्याचे मऊ भाग विरघळतात, आणि पान उघडतं तेव्हा आत कोरडं टरफल उरतं. एक पान हे काम मोजक्याच वेळा करू शकतं. म्हणून येता-जाता बोट घालून ते मिटवण्याचा खेळ झाडाला महागात पडतो.

घटपर्णीचं पान काहीच हालचाल करत नाही. पानाचं टोक लांब तंतू होऊन पुढे जातं आणि त्याच्या शेवटी झाकण असलेला घट तयार होतो. म्हणजे घट हे फूल नाही, फळ नाही, तो पानाचाच भाग. घटाच्या काठावर मध असतो, आणि काठ ओला झाला की त्यावर मुंगीचा पाय टिकत नाही. आत पडलेली मुंगी चढू पाहते तर अनेक जातींत वरच्या भिंतीवर मेणाचा भुगा. तळाच्या रसात प्रथिनं तोडणारी विकरं असतात, त्यातल्या एका गटाचं नावच घटपर्णीवरून नेपेंथेसिन पडलं आहे. घट उघडण्याआधी, झाकण बंद असतानाच, हा रस आत तयार असतो.

युट्रिक्युलेरियाचा वेग या सगळ्यांत जास्त. त्याला मुळं नसतातच. पाण्यात किंवा ओल्या मातीत त्याच्या बारीक फुगोट्या पसरलेल्या असतात, बऱ्याचशा एक-दोन मिलिमीटरच्या. फुगोटी आतलं पाणी सतत बाहेर ओढून टाकते, त्यामुळे तिच्या भिंती आत खेचलेल्या राहतात. दारावरच्या केसाला एखादा जलपिसू लागला, की दार आत उघडतं आणि पाण्यासकट तो आत ओढला जातो. हे सगळं एक हजारांश सेकंदाच्याही आत. कासला लोक निळ्या फुलाचे फोटो काढत असतात, आणि त्याच वेळी शिकार त्यांच्या बुटांशेजारी मातीत चालू असते.

पाचकरस आला कुठून, हा प्रश्न बरीच वर्षं अवघड होता. झाडाला पोट नाही, मग पोटातली रसायनं कशी? उत्तर जुन्या कामातून निघालं. सगळीच झाडं बुरशीशी लढतात. बुरशीच्या पेशींची भिंत कायटिन नावाच्या चिवट पदार्थाची असते, म्हणून झाडांकडे कायटिन तोडणारी विकरं पहिल्यापासून असतात. किड्याचं कवचही कायटिनचंच. अळीने पान कुरतडलं की झाडात जास्मोनेट नावाची संप्रेरकं वाढतात आणि बचावाची रसायनं बनू लागतात. फ्लायट्रॅपमध्ये पचनाची आज्ञाही याच वाटेने जाते. जे हत्यार अंगावर आलेल्याला मारण्यासाठी होतं, तेच या झाडांनी समोरून येणाऱ्याला पचवण्यासाठी वापरायला घेतलं.

आता सगळ्यात मजेशीर मंडळी. बोर्निओत नेपेंथीस लोवी नावाची घटपर्णी आहे. तिच्या वरच्या घटांना मुंग्या पकडण्यात फारसा रस नाही. खारीसारखा दिसणारा ट्री श्रू नावाचा प्राणी घटाच्या काठावर बसून झाकणाखालचा गोड पांढरा पदार्थ चाटतो, आणि बसल्या बसल्या घटात शौच करतो. या झाडाच्या पानांतला अर्ध्याहून जास्त नायट्रोजन त्या विष्ठेतून येतो असं मोजमाप सांगतं. तिथल्याच नेपेंथीस हेम्सलेयानाच्या घटात छोटी वटवाघळं दिवसा झोपतात, आणि पानांतला सुमारे एक तृतीयांश नायट्रोजन त्यांच्या लेंड्यांचा. दक्षिण आफ्रिकेतलं रोरिड्युला हे झुडूप तर माशी चिकटवतं पण पचवायला विकरंच करत नाही. त्याच्यावर राहणारे ढेकूणवर्गी किडे, जे त्या चिकात अडकत नाहीत, माशी खातात. त्यांची विष्ठा पानावर पडते, आणि झाड ती पानातूनच शोषतं. शेणखत आणि लेंडीखत म्हणजे काय ते आपल्याला ठाऊकच आहे. शिकार वगैरे शब्दांचा रुबाब बाजूला ठेवला तर माशीचं कामही तेच: पानातून दिलेलं खत.

हे टक्के काढतात कसे? नायट्रोजनचे दोन प्रकार असतात, १४ वजनाचा आणि थोडासा जड १५ वजनाचा. जड प्रकाराचं प्रमाण खाणाऱ्याच्या अंगात खाल्लेल्यापेक्षा किंचित वाढत जातं. म्हणून कीटकांतून आलेला नायट्रोजन मातीतून आलेल्यापेक्षा थोडा जड भरतो. शेजारच्या साध्या झाडाशी तुलना केली की कितवा हिस्सा कुठून आला ते कळतं. या पद्धतीने २०१२ साली स्वीडनमधल्या ड्रॉसेरावर एक अभ्यास झाला. जिथे पाऊस स्वच्छ, तिथे रोपाचा ५७ टक्के नायट्रोजन कीटकांचा. जिथे प्रदूषणामुळे पावसाबरोबरच नायट्रोजन पडतो, तिथे तो हिस्सा २२ टक्क्यांवर आला. मुळाशी फुकट मिळत असेल तर चीक कोण गाळणार? उत्तर अमेरिकेतली सरासेनिया पर्प्युरिया ही घटपर्णी तर जास्त नायट्रोजन मिळाला की घट लहान करून चपटी पानं काढू लागते, कारण चपटं पान साखर बनवायला घटापेक्षा चांगलं.

म्हणूनच सापळा ही फक्त गरिबीत परवडणारी चैन आहे. सापळ्याच्या पानातून साखर कमी मिळते, वर चीक, मध, विकरं यांचा खर्च. ऊन आणि पाणी मुबलक असेल आणि फक्त नायट्रोजनच अडत असेल, तरच हा व्यवहार फायद्याचा. चांगल्या जमिनीत बाजूचं गवत उंच वाढून या बुटक्या रोपांवर सावली करतं आणि खेळ संपतो.

आता इंदूरच्या गच्चीवर ही झाडं का मरतात ते सांगायला सोपं. पहिला गुन्हेगार पाणी. अमरकंटकला, जिथे नर्मदा निघते, तिथल्या लॅटराइटच्या ओल्या निकस मातीत ड्रॉसेरा मजेत असतो. तीच नर्मदा भेडाघाटचे संगमरवरी खडक आणि मग काळा बेसाल्ट धुत जलूदपर्यंत येते, आणि तिथून विंध्य चढून आपल्या नळाला. वाटेत तिच्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम विरघळलेलं असतं. आपल्याला ते पाणी उत्तम. पण कुंडीत पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. आठवड्यागणिक साचत जातात, आणि निकस मातीला सरावलेली मुळं करपतात. बोरिंगचं पाणी तर त्याहून जड. नळाच्या तोटीवरचा पांढरा थर पाहिला की पुरे. पावसाचं पाणी ड्रममध्ये भरून ठेवावं, पहिल्या दोन सरी सोडून. आरओचं पाणी चालतं, पण घरच्या मशीनमध्ये क्षार परत मिसळणारं मिनरल कार्ट्रिज असेल तर नाही.

दुसरा गुन्हेगार आपलं प्रेम. डीएपी, युरिया, गांडूळखत, शेणखत, काहीही मातीत घालू नका. नर्सरीवाला कोकोपीटमध्ये लावून देतो, त्यात नारळाचं मीठ असतं. एक तर ते अनेक पाण्यांनी धुवा, नाहीतर सरळ पीट मॉस आणि पर्लाइट घ्या. कुंडी पाण्याच्या ताटलीत उभी ठेवा, आणि सकाळचं ऊन भरपूर द्या. माश्यांची काळजी करू नका; जुलैमध्ये इंदुरात त्या पुरवाव्या लागत नाहीत.

फ्लायट्रॅपला हिवाळ्यात दोन-तीन महिने थंड विश्रांती लागते आणि आपला मे महिना त्याला सोसत नाही, त्यामुळे पहिलंच झाड म्हणून तो मी सुचवणार नाही. ड्रॉसेरा बर्मानाय लावावा. तो उष्ण प्रदेशातलाच, एका हंगामात फुलतो, आपल्या आपण बी धरतो आणि ते बी त्याच कुंडीत पडून पुन्हा उगवतं. बी किंवा रोप हौशी लोकांकडून घ्यावं, पचमढीच्या सहलीतून खणून आणू नये. आणि मेघालयातली घटपर्णी तर आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या सर्वांत कडक बंदी-यादीत आहे. नर्सरीत मिळतात त्या कुंडीसाठी वाढवलेल्या संकरित जाती, त्याच घ्याव्यात.